पाचवीचा दगड

लातूरच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात, मागच्या अंगाला, उंदरांची खोली होती. तिथले पिंजरे कमलम्मा साफ करायची. नोकरी विचारून पाहुणेरावळे नाक मुरडत, म्हणून ती नुसतं "कालेजात हाय" एवढंच सांगे. त्याआधी तिनं क्लासच्या पोरांच्या खाणावळीत पोळ्या लाटल्या. भूकंपानंतर औशापलीकडचं गाव सोडून आलेल्या बाईला लातूरनं पोळपाट दिला, पुढं पिंजरे दिले. बाकी शहराची मात्र चंगळ झाली. चौकाचौकात क्लासवाल्यांचे फलक, त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो. मागं राहिलेल्यांचे फोटो कोण लावतो?

मंजुश्री त्या मागं राहिलेल्यांतली. उदगीरहून डॉक्टर व्हायला आली, थोडक्यात नंबर हुकला आणि औषधं शिकू लागली. तान्ह्या बाळांच्या मेंदूच्या आवरणाला जंतूंनी सूज येते, त्यावरचं एक नवं औषध तिला तपासायचं होतं. उंदराची पिल्लं पाच दिवसांची झाली की ती त्यांना जंतू टोचणार, मग निम्म्यांना औषध देणार आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी.

"पाचव्याच दिवशी का वो ताई?" कमलम्मानं विचारलं.

"तेव्हा ती आपल्या नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी नाजूक असतात, मावशी."

कमलम्माला पाचवी आठवली. पाचव्या दिवशी सटवाई येते, बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. तिच्यासाठी पाटा पुजायचा, कोरा कागद न् लेखणी ठेवायची. कमलम्माच्या बाळाच्या वेळी हे राहून गेलं होतं.

ते बाळ भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात जन्मलं. पाचवी आली तेव्हा घरचा पाटा ढिगाऱ्याखाली होता. सासू दानम्मा म्हणाली, "पाटा न्हाई तर एक दगड आण. दगडाला काय तोटा हाय हितं?" तोटा नव्हताच, सगळं गाव दगडांखालीच गाडलं गेलं होतं. कमलम्माची आई त्यातच गेली होती. ओली बाळंतीण उसळून म्हणाली, "ज्यानं माझी माय मारली त्याला मी कुंकू लावू? न्हाई लावणार!" पाचवी तशीच गेली. दुसऱ्या आठवड्यात बाळाला ताप चढला. दूध ओढेना, टाळू फुगून वर आली. मेंदूच्या आवरणाला सूज आहे म्हणत मदत कॅम्पातल्या डॉक्टरनं त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली. तरी बाळ गेलं.

"डागदर व्हता, औषध व्हतं. मग कमी काय पडलं?" असं दानम्मा विचारायची. पुढं लातूरला आल्यावरही, सण असो की सुतक, हा प्रश्न ताटात वाढलेलाच असे. सासूच्या जिभेला हाड नव्हतं.

म्हणूनच कमलम्माचा जीव ह्या प्रयोगात अडकला. औषध मिळूनही एखादं पिल्लू मेलं, तर औषध मिळूनही बाळ जाऊ शकतं हे डोळ्यांनी दिसणार होतं. मग दोष त्या न पुजलेल्या दगडाचा नव्हता, तिचाही नव्हता. माणसाचा वास लागला तर उंदरीण पिल्लाला टाकते, म्हणून ती आधी पिंजऱ्यातला भुसा हातांना चोळायची. मग बोटाएवढी गुलाबी पिल्लं हलक्या हातानं उचलायची, आईच्या पोटाशी सरकवायची, आणि मनात म्हणायची, औषधवाल्यांतलं एक मरू दे. फक्त एक. असं म्हटलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची. लेकरू गेलेली बाई दुसरीच्या लेकराचं मरण मागते, मग ती उंदरीण का असेना! पण दुसऱ्या दिवशी परत तेच.

मिठाच्या पाण्याची पिल्लं मेली. औषधाची जगली, अगदी सगळीच्या सगळी. मंजुश्रीचे सर खूश झाले, नांदेडच्या परिषदेत हे मांडायचं ठरलं, पेढे आले. कमलम्मा पेढा हातात घेऊन खोलीच्या कोपऱ्यात रडत बसली. मंजुश्रीनं खोदून विचारलं, तेव्हा तिनं बाळापासून मरण मागण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मंजुश्री घाबरीघुबरी झाली. "मावशी, असं नसतं हो. तुमच्या बाळाला दिलेलं औषध वेगळं असेल. जंतू त्याला दाद देत नसतील. किंवा डोस कमी पडला असेल. कारणं लई असतात."

"त्यातलं माझ्या बाळाचं कंचं?"

"ते आता कसं कळणार? तेव्हा कुणी तपासलं नसेल."

"म्हंजी तुमाला ठावं न्हाई."

"नाही, मावशी."

"सासूला ठावं हाय," कमलम्मा म्हणाली.

एकदा जमलं म्हणजे खरं नव्हे, परत करून बघा, असं सर म्हणाले. दुसरी उंदरीण व्याली. मधल्या रविवारी कमलम्मा औशाच्या एसटीत बसून गेली आणि संध्याकाळी परत आली. कुठं गेली होती ते तिनं घरी सांगितलं नाही.

पिल्लांच्या पाचव्या दिवशी मंजुश्री सुयांचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली. पिंजऱ्यापासून लांब, स्टुलावर, जुन्या गावच्या ढिगाऱ्यातला एक काळा दगड होता. त्याला हळद-कुंकू होतं, पुढं कोरा कागद आणि मंजुश्रीचंच पेन. आईला मारणाऱ्या त्या दगडावर कमलम्मा कपाळ टेकून बसली होती.

या खोलीत बाहेरचं काही आणायचं नाही, असा नियम होता. मंजुश्रीला तो सांगवेना.

"झालं का, मावशी?" तिनं हळूच विचारलं.

"झालं. समद्यांची पाचवी पुजली, आता मिठाच्या पाण्याची जगत्यात का बघू." कमलम्मा उठली. हातांचं कुंकू तिनं नळाखाली चोळचोळून धुतलं, पुसलं, वर भुसा चोळला. मग पिंजरा उघडून पहिलं पिल्लू ओंजळीत घेतलं आणि मंजुश्रीपुढं धरलं.

"टोचा, ताई."