मालगाडीचा अंतरपाट

माझ्या डोक्यात नवीन कल्पना येत नाही. हा आजार नव्हे, स्वभाव आहे.

राज्यांची फेरवाटणी होऊन नागपूर सुटलं आणि आमची राजधानी भोपाळ झाली, त्या दिवसांत बाबांना एकच कुतूहल होतं: नव्या राज्यात या पोराजोगं काही काम असेल का? मामांनी मला मिठाईच्या दुकानात बसवून पाहिलं. गिऱ्हाईक म्हणे, "काहीतरी चांगलं द्या," आणि मला घाम फुटे. (चांगलं म्हणजे नेमकं काय?) शेवटी आमच्याकडच्या लालबाग स्टेशनाच्या पुढे रेल्वेचं फाटक मिळालं. घंटी वाजली की चाक फिरवून दांडे खाली, गाडी गेली की दांडे वर. मधे विचार करायला जागाच नाही! मी धन्य झालो.

मग सुमनचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. मुहूर्त गोरजाचा, मांडव फाटकाच्या अलीकडेच. माझ्या जागी बदली माणूस आलाच नाही, आणि तो आल्याशिवाय जागा सोडायची नाही हा नियम. निंबोल्याहून येणारी नवरदेवाची वरात रुळांपलीकडे दिसली आणि नेमकी घंटी वाजली. मी दांडे खाली सोडले. गाडीचा पत्ता नाही!

तिकडून व्याही ओरडले, "ओ फाटकवाले, खोलो ना! जरा उचला!"

"गाडी गेली नई, काका!"

"अरे, गाडी आलीच नई तर जाईल कुठून?"

प्रश्न बिनतोड होता. पण नियमात त्याचं उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, "मग दांड्याखालून वाका अन् या!"

व्याही लाल झाले. "नवरदेव वाकल? पोरीवाल्यांच्या दारात? मुहूर्त टळला तर वरात वापस नेतो!"

बहिणीचं लग्न मोडायला आलं होतं आणि मोडणारा मी! तेवढ्यात मांडवातून बाबा धावत आले. "उघड रे बाबा, हात जोडतो!"

"बाबा, नोकरी जाईल."

"अन् पोरगी घरी राहील, त्याचं काय?"

पाठोपाठ मुंडावळ्यांसकट सुमनच आली. मागे धापा टाकणारे गुरुजी. तिनं सिग्नलकडं पाहिलं, पलीकडं ताठ उभ्या नवरदेवाकडं पाहिलं आणि म्हणाली, "गुरुजी, इथूनच सुरू करा. आवाज मोठा काढा."

गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली, तशी ती पुन्हा कुणी म्हटली नसतील! अर्ध्यात मालगाडी उगवली. वधू अलीकडे, वर पलीकडे, मधे खडखडत चाललेला अंतरपाट! गार्डालासुद्धा अक्षता बसल्या. शेवटचा डबा सरकला आणि दोघांची नजरानजर झाली. "सावधान!" गुरुजी ओरडले, मी चाक फिरवलं, दांडे वर गेले, बँड वाजला.

व्याह्यांनी मला मिठी मारली. "पोरगा पक्का आहे! कोणासाठी बी नियम नई तोडला." बाबांचे डोळे भरले. माझे तर वाहतच होते. माझ्यासारख्यालाही जगात जागा आहे, याचा त्यांना प्रथमच पुरावा मिळाला होता.

सासरी निघताना सुमन फाटकाजवळच्या माझ्या खोलीशेजारी थांबली. तिथं माझं धोतर वाळत होतं. तिनं ते बाजूला सारलं. मागे पायी माणसांसाठीची, रूळ ओलांडून जाणारी वाट होती: ऐसपैस, सदा उघडी, न वाकता जाण्याजोगी.

"भाऊ," ती म्हणाली, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "सुमे, तिथं चाक नई. म्हणून ते माझ्या कामात येत नई."