वेढ्याचा सिनेमा

ह्यांना एक जुना इंग्रजी सिनेमा फार आवडायचा. मातीच्या भिंतींची मोडकी गढी, आत मूठभर माणसं आणि बाहेर अफाट सैन्य. वेढा पडतो, मदत काही येत नाही. तुंगार्लीच्या या घरात आम्ही तो कितीदा तरी पाहिला. पण ‘ज्याला जायचंय त्याने आत्ताच जावं’ असं सरदार सांगतो आणि कुणीच हलत नाही, तिथे हे रिमोट उचलायचे. “पुढचं माहीत आहे,” म्हणायचे आणि टीव्ही बंद. शेवट मी कधी पाहिलाच नव्हता.

हे गेल्यानंतरच्या दुसऱ्या श्रावणात, एका दुपारी तो टीव्हीवर लागला. आजूबाजूचे सुट्टीपुरते उघडणारे बंगले कुलपात, धुकं पार खिडकीपर्यंत आलेलं. घरात कुणीतरी बोलावं म्हणून मी आवाज मोठा केला.

कुरवंड्याहून कामाला येणाऱ्या मावशी भांडी आटोपून पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

“ही मान्सं आत कशापायी बसल्यात, ताई?”

“गढी सोडायची नाही म्हणून.”

“मागनं वाट न्हाई?”

“होती. गेले नाहीत.”

मावशी माझ्या खुर्चीशेजारी खालीच बसल्या.

सरदाराचं बोलणं झालं. मी रिमोटला हात लावला नाही. मग हल्ला झाला, एकेक करून सगळे पडले. मावशींनी माझा गुडघा घट्ट धरला होता. संपलं असं वाटलं, तेवढ्यात धुरातून एक बाई बाहेर आली. मेलेल्या एका शिपायाची बायको. लेकीला खेचरावर बसवून ती शत्रूच्या रांगांमधून मान ताठ ठेवून चालत निघाली. कुणी तिला अडवलं नाही.

इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्यातून कुणीच वाचत नाही.

“आता ती कुटं जायाची?” मावशींनी विचारलं.

“माहेरी जाईल.”

“माहेर ऱ्हायलं असंल का तिचं?”

मला रडू फुटलं. ह्यांचा राग आला, गेल्यापासून पहिल्यांदाच. ही बाई त्यांनी मला कधी दाखवलीच नाही.

“रडा, ताई. मी थांबते की,” मावशी म्हणाल्या. पाऊस वाढत होता, त्यांना लांब जायचं होतं, तरी बराच वेळ बसून राहिल्या. मग गेल्या. मी फाटकापर्यंत गेले. त्यांची छत्री वळणावर धुक्यात दिसेनाशी झाली, तरी तिथेच उभी होते.