एक्केचाळीस नंबरची पितळी गाडी

कारंजा घाडग्याच्या हायवेवर, ढाब्यांची रांग संपते तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये रूपराव डेंटरचं दुकान होतं. ट्रकचा दरवाजा चेपलेला असो की मडगार्ड मुडपलेलं असो, रूपराव आतून लोखंडी ठोकळा लावायचा आणि बाहेरून हातोडी चालवायचा. संध्याकाळपर्यंत पत्रा असा सरळ व्हायचा, की ठोकर कुठं बसली होती ते मालकालाच शोधावं लागे. माणूस कामाला पक्का, बोलायला कमी. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती. आणि ज्याला सवय नसते त्याचं एकच खोटं नऊ वर्षं कसं पुरतं, त्याची ही हकीकत आहे.

शहात्तर सालच्या थंडीत एका ट्रकचा अॅक्सल आमच्या कारंज्यात तुटला. त्या ट्रकवर ताडपत्रीखाली एक फियाट बांधलेली होती, कुठल्याशा शर्यतीला चाललेली. आता फियाट काय आम्ही पाहिली नव्हती? सेवाग्रामच्या डॉक्टरांच्या दोन-तीन याच रस्त्यानं जायच्या, मागच्या काचेत पडदे लावून, सभ्यपणे. पण ही फियाट म्हणजे त्याच घरातली बिघडलेली पोरगी. पुढचे-मागचे बंपर काढलेले, आत एकच सीट, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, चाकं रुंद, बॉनेट चामड्याच्या पट्ट्यानं आवळलेलं आणि दरवाजावर पांढऱ्या गोलात काळा आकडा, एक्केचाळीस.

ट्रकमध्ये हिसके बसून तिचं मडगार्ड थोडं चेपलं होतं. ते रूपरावनं सरळ करून दिलं आणि मजुरी नको म्हणाला. त्याऐवजी गाडी मोजू द्या म्हणाला. मालक हसला, मोज म्हणाला. ट्रक चार दिवस अडकून होता आणि चारही दिवस रूपराव त्या गाडीला विती लावत फिरत होता. लांबी सतरा विती, रुंदी साडेसहा, उंची जरा कमी सहा. सुतळीला गाठी मारल्या, दुकानाच्या भिंतीवर कोळशानं आकडे लिहिले. त्याचा हिशोब सरळ होता: खऱ्या गाडीची एक वीत, की आपल्या गाडीचं एक बोट. म्हणजे सतरा बोटं लांबीची गाडी, हुबेहूब, शर्यतीवाली.

गाडी निघून गेली आणि रूपराव नादाला लागला. टॉर्चच्या टोपणांच्या रिमा केल्या, टायरच्या चपलेचं रबर कापून त्यावर चढवलं. आतला पिंजरा सायकलच्या स्पोकचा. दवाखान्यातून रद्दी एक्स-रे आणले, गरम सोड्यात धुऊन नितळ केले, झाल्या काचा. बॉनेटच्या पट्ट्याला जुन्या घड्याळाचा पट्टा. सगळं जमलं, पण अंग काही जमेना. डालड्याच्या डब्याचा पत्रा सरळ वाकतो, पण मडगार्डची गोलाई आली की टर्रकन फाटतो. तीन वेळा केलं, तीन वेळा फाटलं. त्याला पितळ पाहिजे होतं. तापवून नरम करावं, हलके हलके ठोकावं, पाहिजे तशी गोलाई घेतं ते. पण एवढं मोठं पितळ आणायचं कुठून?

पुढच्या वर्षी वैशाखात त्याच्या बहिणीचं, जयवंताचं लग्न निघालं. त्या काळी लग्न म्हटलं की भांडी गावातून गोळा व्हायची. याच्याकडची परात, त्याच्याकडचा गंज, तिसऱ्याकडची घंगाळं. प्रत्येक भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी मालकाचं नाव ठोकलेलं. ती घासायची आणि घरोघर परत पोचवायची हे काम धुरपताचं. वीस वर्षं कारंज्यातलं एकही लग्न तिच्याशिवाय झालं नव्हतं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण भांड्यावर हात फिरवला की कुणाचं ते सांगायची. पोचे तिच्या बोटांना पाठ होते, आवाज कानांना. भांडं घेऊन दारात उभी राहिली की तिची हाक ठरलेली: "बाई, भांडं आनलं. मोजून घ्या." घरची बाई मोजायची, "आलं सारं" म्हणायची, आणि तेव्हाच धुरपता त्या घरी पाणी मागायची. त्याआधी कितीही ऊन असो, घोट घ्यायची नाही.

लग्नानंतर पाचव्या दिवशी भागीरथाबाईंचा निरोप आला, की आमची मोठी परात आली नाही. भागीरथाबाई म्हणजे बापूराव पाटलांच्या घरच्या, गावातलं वजनदार घर. रूपरावची बायको अन्नपूर्णा घाबरली. तिनं सांगून टाकलं, "आमी तं सारी भांडी धुरपताच्या हवाली केली." धुरपता म्हणाली, ती परात माझ्या हाती आलीच नाही. मग विहिरीवर जे व्हायचं ते झालं. म्हातारीला मोह झाला असन, पोरीच्या घरी गेली असन परात, अशी कुजबूज सुरू झाली. चोर असं तोंडावर कुणी म्हटलं नाही, फक्त पुढच्या लग्नाला तिला कुणी बोलावलं नाही.

आठव्या दिवशी रूपरावला मागच्या खोलीत मुंग्यांची रांग दिसली. रांगेमागं गेला तर पोत्याखाली परात, आणि परातीत बुंदी. जयवंता माहेरी येईल तेव्हा तिला द्यायची म्हणून अन्नपूर्णेनंच झाकून ठेवली होती आणि लग्नाच्या धांदलीत पार विसरली होती.

आता साधं काम होतं. परात घासायची, डोक्यावर घ्यायची आणि पाटलांच्या घरी नेऊन द्यायची. आमच्याच घरी होती, चूक झाली, एवढंच म्हणायचं. पण रूपरावला ते जड गेलं. बायको सगळ्यांसमोर बोलून बसलेली; आता तिला खोटं पाडायचं का? उद्या नेऊ म्हणाला. बुंदी उकिरड्यावर टाकली, परात पोत्यात गुंडाळून दुकानात नेऊन ठेवली. आणि तिथं त्यानं सहज बोटानं टकटक करून पाहिलं.

अरे माणसा, तेवढं एक करायचं नव्हतं. जाड, जुनं, मुरलेलं पितळ होतं ते. घंटेसारखं वाजलं. उद्याचा परवा झाला. पाटलांकडं अशा सात पराती आहेत, एक गेली तर त्यांना काय फरक पडतो, असं त्यानं मनाला समजावलं. धुरपताचं नाव मात्र त्यानं मनात येऊ दिलं नाही. दहाव्या दिवशी कात्री लावली. पहिला काप पडला आणि आता परत द्यायला काही उरलं नाही.

गाडी मात्र अशी झाली, की पाहत राहावं. मडगार्डची गोलाई, बॉनेटचा फुगीर माथा, छताची उतरण, सगळं बोटाबोटानं खरं. परातीच्या सपाट बुडाचं छत केलं. त्याच बुडावर नाव होतं: सौ. भागीरथाबाई. कानस मारली असती तर पितळाला भोकं पडली असती, म्हणून त्यानं अक्षरं आतल्या बाजूला घेतली. वरून ठिपक्यांची टेंगळं आली, ती पुट्टीनं बुजवली आणि लाल रंग मारला. अन्नपूर्णेनं एकदाच विचारलं, पितळ कुठून आणलं? वर्ध्याच्या भंगारवाल्याकडून, तो म्हणाला. ती पुन्हा कधी बोलली नाही. रोज घर पुसायची, पण फळीवर ठेवलेल्या त्या गाडीला तिनं कधी फडकं लावलं नाही. यावरून तिला किती कळलं होतं ते रूपरावला कळलं.

एकोणऐंशीत वर्ध्याला प्रदर्शन भरलं, तिथं गाडीला पहिला नंबर मिळाला. शाल, नारळ, सर्टिफिकेट. कुणीतरी साहेब गाडी उलटी-पालटी करून पाहत होते तेव्हा रूपरावच्या काखेत घाम फुटला होता. येताना यष्टी तळेगावाजवळ थांबली. रस्त्याचं काम चालू होतं. खिडकीतून पाहिलं तर गिट्टी फोडणाऱ्या बायांमध्ये धुरपता. साठीला टेकलेली बाई, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. जी बोटं परातीचा पोचा ओळखायची, ती दगड फोडत होती. तिनं वर पाहिलं. रूपरावनं शाल मांडीखाली लपवली आणि तोंड फिरवलं. बस सुटेपर्यंत मान वळवायची त्याची छाती झाली नाही. पुढं धुरपता पोरीकडं बोरगाव मेघेला राहायला गेली असं कानावर आलं, तर त्याला, शरमेची गोष्ट सांगायची तर, बरं वाटलं. रस्त्यात भेटायची भीती गेली.

पण पुट्टीला कुठं माणसाची लाज? ती वर्षावर्षानं सुकते आणि आत बसते. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दुपारचं तिरपं ऊन गाडीवर पडलं आणि छतावर बारीक ठिपके दिसले. उलटी अक्षरं. रूपरावनं घासलं, पुन्हा पुट्टी भरली, पुन्हा रंग मारला. वर्षानं पुन्हा वर आले. लोक गाडी पाहायला यायचे तेव्हा तो तिला खिडकीपासून दूर, अंधारात ठेवायचा.

शहाऐंशीत डोळे तपासायला तो सेवाग्रामच्या दवाखान्यात गेला. रांगेत पुढं धुरपता बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून तिनंच ओळखलं. घरचं विचारलं, जयवंताचं विचारलं, पोरं किती म्हणाली. रूपरावला वाटलं, सुटलो. मग ती हळूच म्हणाली, "भाऊ, भागीरथाबाईची परात सापडली का जी?"

"नाई माय," रूपराव म्हणाला. नऊ वर्षांनी, आंधळ्या होत चाललेल्या बाईच्या तोंडावर.

"मंग म्याच कुठं दुसऱ्याच्या घरी टेकवली असन," ती म्हणाली. "तवापासून माह्या डोक्याचा मले भरोसा नाई राह्यला. घरात चिमटा सापडला नाई तरी वाटते, मीच इसरली."

रूपरावचे डोळे न तपासताच राहिले. बाहेर झाडाखाली तो बराच वेळ बसला. ही बाई आपल्यावर रागावली असती तर सोसलं असतं. गावानं मनातून चोर ठरवलं तेही तिनं झटकून टाकलं असतं, कारण आपण चोर नाही हे माणसाला पक्कं ठाऊक असतं. पण तिनं स्वतःलाच खोटं ठरवलं होतं. आपण तिचं काम खाल्लं एवढंच रूपराव धरून चालला होता. आपण तिची बुद्धी तिच्या हातून काढून घेतली, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

आठ दिवस त्याला घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी त्यानं अन्नपूर्णेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम हाये. बुंदी म्याच ठेवली होती." मग तिनंच फळीवरची गाडी काढली, पहिल्यांदा हात लावून, आणि पिशवीत घालून दिली.

बोरगाव मेघेला धुरपता ओट्यावर बसली होती. रूपरावनं पिशवी उघडली. त्यानं गाडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं चाकं चाचपली, खेळणं आहे म्हणाली. मग बोटं छतावर गेली. ठिपक्यांवरून एकदा फिरली, दोनदा फिरली. तिनं बोटाचं पेर वाकवून टकटक केलं आणि कान लावला. तिचा चेहरा पाहायची हिंमत रूपरावला नव्हती, तो जमिनीकडं पाहत होता.

"हे तं भागीरथाबाईची परात व्हय," ती म्हणाली.

"व्हय माय. आमच्याच घरी होती. म्या कापली."

ती शिव्या देईल म्हणून तो वाट पाहत होता. ती रडू लागली, पण रागानं नाही.

"म्हंजे मी इसरली नव्हती," ती म्हणाली. "माह्या हाती आलीच नव्हती." हे तिनं चार-पाच वेळा म्हटलं, घरातल्या पोरीलाही हाक मारून सांगितलं. रूपरावला पाया पडायचं होतं, पण तिचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. डोळे पुसून ती उठली, काठी घेतली आणि म्हणाली, "चाल. नेऊन देनं हाये ते."

दोघं दुपारच्या बसनं कारंज्याला उतरले. रूपराव म्हणाला, मी धरतो. ती म्हणाली, भांडं मी नेते, तू मागून ये. स्टँडपासून पाटलांच्या घरापर्यंत भर बाजारातून ती पुढं, डोक्यावर लाल गाडी, एक्केचाळीस नंबरची; मागं मान खाली घातलेला रूपराव. लोक दुकानातून बाहेर आले. कुणी काही विचारलं की धुरपता थांबून सांगायची, परात आहे, न्यायची राहिली होती. रूपरावचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. ते त्याला स्वतः घ्यावं लागलं, चौकात, वाटेत भेटेल त्याच्यासमोर.

पाटलांच्या दारात ती उभी राहिली. भागीरथाबाई ओसरीवर होत्या, थकलेल्या.

"बाई, भांडं आनलं," धुरपतानं हाक दिली. "मोजून घ्या."

भागीरथाबाईंनी गाडी हातात घेतली. रूपराव पायरीखाली उभा राहून सगळं सांगत होता, पोत्यापासून कात्रीपर्यंत. त्यांनी छतावरच्या ठिपक्यांवर अंगठा फिरवला, मग उलटी करून आतलं नाव वाचलं.

"आलं सारं, धुरपता," त्या म्हणाल्या. विहिरीवर त्याही बोलल्या होत्या.

धुरपता ओसरीवर टेकली आणि तिनं पाणी मागितलं. भागीरथाबाईंनी स्वतः तांब्या भरून आणला. ती सावकाश प्यायली. रूपराव पायरीखालीच उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, आणि त्यानंही कुणी म्हणावं अशी वाट पाहिली नाही.