बाबांच्या वेळापत्रकाने बर्फाकडे

कॅनबेरातल्या गुंगालिनहून आम्ही निघालो ते सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळापत्रकात सातची वेळ होती, आणि ही दहा मिनिटं माझ्या नवऱ्याने, निखिलने, मनाला लावून घेतली. आमच्या वसाहतीत गवतावर दहिवर गोठलं होतं आणि बाहेर माणूस नव्हता. या घाईचं कौतुक करणारंही कोणी नव्हतं.

वेळापत्रक माझ्या सासऱ्यांनी केलेलं. बाबा कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावरही कोणी पुण्याला निघालं की त्यांचा फोन यायचा, "कुठवर आलात?" आणि उत्तरावरून ते गाडी किती मिनिटं मागे आहे ते सांगायचे. २०२० च्या जुलैमध्ये, इथल्या हिवाळ्यात, ते आणि आई आमच्याकडे येणार होते. बाबांना बर्फ बघायचा होता. आम्ही चार जण झोपतील अशी व्हॅन भाड्याने ठरवली, आणि बाबांनी कऱ्हाडात बसून, नकाशा मांडीवर घेऊन, वहीच्या पानावर सगळा प्रवास आखला. 'कूमा ८.४५. चहा. १५ मिनिटे.' त्या पानाचा फोटो त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. पुढे सीमा बंद झाल्या आणि व्हॅनवाल्यांनी बुकिंग एक वर्ष पुढे ढकललं. ते वर्ष संपत आलं तेव्हा व्हॅन होती, वेळापत्रक होतं, बाबा नव्हते. दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, ते गेले.

निखिलला जाता आलं नाही. तेव्हा ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाही परवानगी लागायची. त्याचा अर्ज दोनदा नाकारला गेला होता आणि तिसरा भरायचा की नाही, यावर आमच्या घरात बोलणं बंद झालं होतं. गेला तर परत कधी येईल याचा भरवसा नव्हता. तिकडे साथ होती, इकडे त्याची कंत्राटाची नोकरी, आणि मी एकटी. स्पष्टच सांगते, दोन्ही नकार आले तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ते मी त्याला दाखवलं नाही, पण सोळा वर्षांच्या संसारात अशा गोष्टी लपत नाहीत.

कूमाला आम्ही आठ पन्नासला पोचलो. बेकरीच्या दारात फोनवर कोविडचं चेक-इन केलं, मास्क चढवले आणि चहा घेऊन फुटपाथवर उभे राहिलो. बेकरीतल्या बाईने विचारलं, "सिडनीहून नाही ना आलात, लव्ह?" सिडनीत तेव्हा लॉकडाऊन होतं आणि तिथल्या माणसाला बघून लोक दोन पावलं मागे सरत. कॅनबेरा म्हटल्यावर तिने आमच्या पिशवीत एक जॅम डोनट फुकट टाकला. पंधरा मिनिटं झाली तसा निखिल चहा अर्धा टाकून व्हॅनकडे चालू लागला.

कूमाच्या पुढे मोनारोचं पठार सुरू होतं. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं पिवळं गवत आणि मधे मधे काळे गोटे. आपल्याकडच्या माणदेशासारखं, फक्त मेंढ्या जास्त जाड. बेरिडेल ओलांडल्यावर समोरच्या डोंगरांवर पांढरी रेघ दिसली. निखिलने गाडी बाजूला घेतली आणि आईंना व्हिडिओ कॉल लावला.

"आई, दिसतोय का बर्फ?"

"चुना मारल्यासारखं दिसतंय," आई म्हणाल्या. "थंडी आहे ना? डिंकाचे लाडू नेलेत? आणि व्हॅनमध्ये दक्षिणेला पाय करून झोपू नका."

"आई, व्हॅन जिकडे उभी राहील तिकडे पाय," मी म्हटलं.

"मग व्हॅन नीट उभी करा," त्या म्हणाल्या. घरात एकट्या असूनही त्यांचा आवाज खणखणीत होता. त्यामुळे निखिलला आणखी वाईट वाटायचं.

जिंडाबाईनला तळ्याकाठच्या कॅरव्हान पार्कमध्ये आम्ही होकायंत्र बघून व्हॅन उभी केली. वर दोन जणांचा पलंग होता, बाबा आणि आईंसाठी धरलेला. आम्ही खाली झोपलो आणि वर बॅगा ठेवायचंही टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन सुरूच होईना. इंजिन खोकायचं आणि गप्प बसायचं. शेजारच्या कॅरव्हानमधल्या पॅट नावाच्या आजी हातात मग घेऊन आल्या. साठ वर्षं इथलाच बर्फ बघितलेली बाई.

"डिझेल कॅनबेरात भरलंत का, मेट?"

निखिलने मान हलवली.

"गोठलं ते. इथे अल्पाइन डिझेल (थंडीत न गोठणारं) भरायचं असतं, वर चढायच्या आधी. नो वरीज. ऊन येऊ दे, दहापर्यंत होईल सुरू."

"दहा?" निखिल म्हणाला. "आम्हाला साडेआठला निघायचंय."

"कोण थांबलंय तिकडे तुमच्यासाठी?" पॅट आजींनी सहज विचारलं.

निखिल व्हॅनच्या पायरीवर बसला, फोनमधलं बाबांचं पान उघडून बघत राहिला, आणि मला प्रथमच कळलं की या माणसाला बर्फ नकोय, त्याला फक्त कुठेतरी वेळेवर पोचायचंय. एप्रिलमध्ये पोचला नाही ना. माझा राग तिथेच पायरीवर उतरला.

दहाला इंजिन लागलं. बुलॉक्स फ्लॅटला व्हॅन ठेवून आम्ही डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या ट्रेनने पेरिशरला गेलो. बोगद्यात अंधार, काचेवर आमचेच मास्क लावलेले चेहरे, आणि बाहेर पडलो तर डोळे उघडवेनात इतका पांढरा उजेड. सिडनीवाले नसल्यामुळे उतार रिकामे होते. रिकाम्या खुर्च्या तारेवरून वर जात होत्या आणि रिकाम्याच खाली येत होत्या.

स्कीइंग शिकवणारी मुलगी उत्साही होती. "टाचा बाहेर, पिझ्झा करा!" ती ओरडायची. पायांना बांधलेल्या दोन्ही पट्ट्या पुढे जोडून, पिझ्झाच्या तुकड्यासारखा कोन केला की माणूस थांबतो, असं शास्त्र. मला ते जमलं. निखिलला थांबणं जमेना. तो सरळ जायचा आणि पडायचा. चौथ्यांदा पडला तेव्हा उठलाच नाही. मी घसरत जवळ गेले. तो पाठीवर पडून आभाळाकडे बघत होता.

"लागलं का?"

"नाही." मग म्हणाला, "बाबा पडले नसते. ते आधी विचारून, लिहून घेऊन मगच उतरले असते."

आम्ही पट्ट्या काढून बाकावर बसलो. मी डबा उघडला. आणि तेव्हाच ते घडलं. एक रेव्हन (इथला डोमकावळा, आपल्यापेक्षा मोठा आणि पांढऱ्या डोळ्यांचा) टेबलावर उतरला, डब्यातला लाडू चोचीत धरला आणि उडून समोरच्या कठड्यावर जाऊन बसला. सगळं निमिषात झालं. निखिल तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला.

"बघ, इथे किती पटकन आला. तिकडे मला बोलावं लागलं होतं."

तो दहाव्याबद्दल बोलत होता. कृष्णेच्या घाटावर फक्त त्याचा चुलतभाऊ संदीप आणि गुरुजी होते, आम्ही गुंगालिनच्या स्वयंपाकघरात फोनसमोर. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. संदीप म्हणाला, काकूंना सांभाळू. कावळा आला नाही. घर बघू, झाडं बघू. आला नाही. तासभर झाल्यावर निखिल फोनकडे वाकून म्हणाला, "बाबा, मी येतो. आईजवळ येतो." आणि नेमका तेव्हा कॉल तुटला. पाच मिनिटांनी संदीपचा मेसेज आला, 'शिवला, दादा.'

निखिलने तो शब्द धरून ठेवला होता. बाबांनी ऐकलं, म्हणून कावळा शिवला. आता न जाणं म्हणजे गेलेल्या बापाला फसवणं.

मला मात्र संदीपचा वेगळा मेसेज आला होता. 'शलाकावहिनी, कावळा शिवलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला. दादाला सांगू नका, काकूही तेच म्हणतात.' तीन महिने मी ते पोटात ठेवलं होतं. आईंनी आणि मी त्यावर कधी एक शब्द काढला नाही.

त्या बाकावर मला वाटलं, आता सांगावं. वचनच खरं नाही हे कळलं तर हा मोकळा होईल, आणि तिसरा अर्ज आपोआप मागे पडेल. माझा स्वार्थ त्यात होता, नाही कसं म्हणू?

"निखिल," मी म्हटलं, "त्या दिवशी कावळा शिवला नव्हता. दर्भाचा केला. तुला त्रास होऊ नये म्हणून संदीप तसं म्हणाला. तू बांधलेला नाहीस."

तो माझ्याकडे बघत राहिला. कठड्यावरच्या रेव्हनने लाडू फोडला आणि डिंकाचा तुकडा खाली पडला.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"तेव्हापासून."

तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने हातमोजे काढले, मांडीवर नीट एकावर एक ठेवले.

"म्हणजे बाबांचं अजून राहिलंय," तो म्हणाला. "मग तर जायलाच हवं."

आणि तो रडला. मास्क हनुवटीवर, नाक लाल, भर दुपारी, ओळखीचं कोणी नाही अशा डोंगरात. मीही रडले. सोडवायला गेले आणि गाठ माझ्याच हाताने पक्की झाली, म्हणून रडले, आणि बाबांसाठीही, कारण सून म्हणून मला रडायला तरी वेळ कुठे मिळाला होता.

तिसऱ्या दिवशी थ्रेडबो होतं. मोठ्या उतारावर आम्ही गेलोच नाही. नदीकाठच्या छोट्या उतारावर निखिल सावकाश उतरला आणि शेवटी, टाचा बाहेर काढून, नीट थांबला. खाली आल्यावर त्याने आईंना फोन केला. "आई, मला कळलं कावळ्याचं," एवढंच म्हणाला. आई म्हणाल्या, "शलाकाला बोलू नकोस काही. आणि येणार असलास तर स्वेटर नको, छत्री आण, इकडे पाऊस थांबत नाही."

परतीच्या वाटेवर कूमाला आम्ही चहा घेतला, या वेळी पूर्ण. बाबांच्या पानावर शेवटची ओळ होती, 'गुंगालिन ५.००.' आम्ही साडेसहाला पोचलो. अंधार पडला होता. व्हॅन रिकामी करताना वरच्या पलंगाच्या चादरीची घडी मोडलेली नव्हती. ती तशीच काढून मी परत दिली.

त्या आठवड्यात तिसरा अर्ज आम्ही मिळून भरला. कारणाच्या चौकटीत कावळा कसा लिहिणार? मी लिहिलं, आई एकटी आहे. तेही खरंच होतं. या वेळी परवानगी आली, आणि कॅनबेरा लॉकडाऊनमध्ये असताना निखिल गेला. तो परत येईपर्यंतचे साडेतीन महिने मी दिवसातून तीनदा फोन करून एकच प्रश्न विचारला. विमानात बसेपर्यंत, दिल्लीला, पुण्याला, स्टँडवर. कुठवर आलास? हा प्रश्न विचारणाऱ्याला किती भीती वाटत असते, ते बाबांच्या पश्चात मला कळलं.

पितृपंधरवड्यात त्याचा फोन आला. गच्चीवर कावळ्यासाठी पान वाढून तो आणि आई उभे होते.

"आला का?" मी विचारलं.

"पान ठेवून मागे वळलो तोच आला," निखिल म्हणाला. "मी अजून काही बोललोही नव्हतो."