थोरल्या पाळकीणबाईंची साक्ष

रविवारची उपासना आटोपून, सगळ्यांना जेवायला वाढून, भांडी तशीच टाकून मी आडवी होते. डोळा लागत नाही. लागलाच तर छातीत धस्स होऊन उघडतो. आठवडाभर हे असंच चाललंय, नगरच्या मनोविकाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यापासून. बंद केल्या म्हणजे ह्यांनी करायला लावल्या, पण गोड बोलून. आमच्याकडे सगळं गोड बोलूनच होतं. आज संध्याकाळी महिला संघात मी साक्ष द्यायची आहे की, मला बायबलच्या वचनानं आणि प्रार्थनेनंच बरं केलं. पाळकाच्या बायकोनंच दिली नाही, तर कोण देणार?

साळव्यांची शेरोन काल विचारून गेली, "काकू, तुम्ही सोडल्यात ना? मग मीपण सोडते." तिच्या मनगटावरची पट्टी आत्ता कुठे निघाली आहे.

पंखा फिरतो. त्याचा आवाज हळूहळू पेटीचा होतो. मी चर्चमध्ये आहे आणि उशी अजून डोक्याखालीच आहे. पुढे माझ्या सासूबाई उभ्या आहेत, दोर्कसबाई, मंडळीच्या थोरल्या पाळकीणबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तालुक्यातल्या बाया त्यांच्याकडे रडत यायच्या आणि वचन घेऊन जायच्या.

"आणि प्रभूनं मला त्या अंधारातून बाहेर काढलं," त्या म्हणतात. बाया म्हणतात, आमेन. लगेच त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

"आई, झालं की आता. बसा ना."

"कुठं बसू? साक्ष चालू आहे."

"कधीपासून?"

"तुझा नवरा पाळण्यात होता तेव्हापासून. विहिरीवर गेले होते मी. तुझ्या सासऱ्यांनी हाताला धरून आणलं आणि उजाडेपर्यंत वचनं वाचली. त्यानं जगले, खोटं नाही सांगत."

"मग?"

"मग साक्ष दिली. एकदा साक्ष दिली की पुन्हा आजारी पडायची सोय नाही, यूनीस. पुढच्या वर्षी परत तसंच व्हायला लागलं. सांगू कोणाला? सगळ्या मलाच सांगायला यायच्या."

बाहेर पडावं म्हणून वळते, तर दाराच्या जागी गीतपुस्तकांचं कपाट आहे. ते उघडते, तर आत डॉक्टरांची खोली.

"देवाचं जरा बाजूला ठेवू," डॉक्टर चष्मा पुसत म्हणतात, "तुमचं सांगा."

"बाजूला म्हणजे कुठं ठेवू?"

मी खरंच जागा शोधते. टेबल कागदांनी भरलंय. एक म्हणतो गोळी सोड, दुसरा म्हणतो देव बाहेर ठेवून ये. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधे उभी राहून दोघांशीही गोड बोलतेय. मला दोघांचाही संताप येतो. खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून चर्चच दिसतं.

मी खुर्चीवरून उठते ती चर्चच्या बाकावरून. सासूबाईंचे पाय सुजलेत. बाया आता माझ्याकडे वळल्यात, त्यांच्यात शेरोनही आहे. "आता धाकट्या पाळकीणबाई," कोणीतरी म्हणतं, आणि माझ्या डोक्यावर प्रार्थनेचा हात येतो. मग दुसरा. मग कितीतरी. प्रेमाचेच हात आहेत, कांदा-लसणाचा वास येणारे, पण त्यांच्याखाली मान वर होत नाही.

"बोला, बाई."

मी तोंड उघडते आणि सासूबाईंचेच शब्द बाहेर पडतात, "आणि प्रभूनं मला त्या अंधारातून..."

"थांब." त्या हातांमधून वाट काढत माझ्यापाशी येतात. कोणाकडे काही मागताना मी त्यांना जन्मात पाहिलेलं नाही. त्या कानाशी वाकून विचारतात, "तुझ्यातली एक देतेस?"

"आई, ती जेवणानंतर घ्यायची असते."

"मग जेवलेय की."

मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवते. त्या डोळे मिटतात, ताटावर बसल्यावर मागतात तशी छोटी प्रार्थना मागतात, आमेन म्हणतात आणि गिळतात. मग बाकाला धरून हळूच खाली बसतात.

"यूनीस, उठतेस ना? बाया जमल्यात."

हे दारात उभे आहेत. माझ्या उशीशी गोळ्यांची पट्टी पडलीय. मी ती साड्यांच्या घडीखाली लपवली होती. तिच्यातलं एक घर नुकतंच फुटलंय. मी जीभ फिरवून बघते. तोंडात कडू काहीच नाही.

मी दुसरं घर फोडते. गोळी तळहातावर घेते आणि डोळे मिटते. हे काहीतरी बोलायला जातात आणि थांबतात. कोणी प्रार्थना करत असताना आमच्याकडे मधे बोलत नाहीत.

"आमेन," मी म्हणते आणि गिळते. "शेरोनला म्हणावं, पुढच्या बाकावर बस. आणि माझ्यासाठी एक खुर्ची ठेवा. आज मी बसून बोलणार आहे."