पोटातले राखणदार आणि आमच्या डॉक्टरबाई

डॉक्टर शैलाताई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझा कर्ता मुलगा हरेश त्यांच्या पनवेलच्या दवाखान्यात पोट आवळून बसला होता. मी मासळी विकून तशीच आले होते. बाकावरच्या बायका नाकाला पदर लावून सरकल्या. शैलाताईंनी मात्र आधी विचारलं, "मावशी, कोळंबी खाडीची का?" मी अशी खूश झाले की पुढच्या वेळी त्यांना सुके बोंबील नेले. त्या शाकाहारी आहेत हे मला काय ठाऊक! पण "छान होते" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "आमच्या नर्सबाई खूश झाल्या," म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही.

आता त्यांची साठी, त्यासाठीच हे पुस्तक निघतंय. मोठमोठे डॉक्टर या पुस्तकात त्यांच्या संशोधनावर लिहितील. मी गव्हाणची कोळीण, चौथीपर्यंत शिकलेली. मला त्यांनी समजावलं तेवढंच सांगते.

हरेशच्या आतड्याला आतून जखमा होत, रक्त पडे. मी विचारलं, "माझ्या पोरानं असं खाल्लं तरी काय?"

"खाण्याचं नाही, मावशी. तुमच्या बंदरावरचे कुत्रे सगळ्यांवर भुंकतात का?"

"नाय ओ. आपली मानसं वळखतात ते."

"आतड्यातही जन्मापासून असे राखणदार असतात. आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. पोटात कोट्यवधी जंतू राहतात, बहुतेक आपलेच. राखणदार त्यांना ओळखून गप्प बसतात, परका आला की ओरडतात. हरेशचा एक राखणदार नीट ओळखत नाही. मग बाकीचे उठतात आणि घरच्यांनाच चावत सुटतात."

"मग मारून टाका ना मेल्यांना!"

हरेश एवढ्या दुखण्यातही हसला. बाईही हसल्या. "मारले तर चोर शिरतील. शिवाय आतड्याची भिंत फाटली की ती लिंपायला हेच धावतात. मारायचं नाही, शांत करायचं. किती शांत करायचं, तेच तर मी शोधतेय."

त्यांचं शोधून होईपर्यंत हरेश थांबला नाही. आतड्याचा खराब भाग कापायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी त्याने आपल्या आतड्याचा तुकडा अभ्यासाला ठेवायला सांगितलं. "बाई, मला उपयोग नाय झाला तरी प्राचीला व्हईल." प्राची त्याची मुलगी, तेव्हा बालवाडीत होती. ऑपरेशननंतर तो घरी आलाच नाही.

दहाव्याला शैलाताई गव्हाणला आल्या. बायकांमध्ये जमिनीवर बसल्या. कुणीतरी म्हणालं, "नशीब." त्या म्हणाल्या, "नशीब नाही. मला त्याला वाचवता आलं नाही, मावशी." एवढंच. रडायला मला त्या दिवशी त्यांचाच खांदा मिळाला. एवढी माणसं भोवती होती, पण माझ्याइतकंच हरलेलं माणूस तेच एक होतं.

प्राची कॉलेजात गेली आणि तिलाही बापासारखंच रक्त पडायला लागलं. पण या वेळी, हरेशच्या त्या तुकड्यावरून, कुठे बघायचं ते बाईंना ठाऊक होतं. इंजेक्शनं सुरू झाली, पोरगी जेवायला लागली, बाळसं धरलं, लग्न होऊन मोऱ्याला सासरी गेली. लग्नात मी नाचले बरं का, गुडघे दुखत असताना!

तिच्या सासूबाईंनी देवीला नवस बोलला होता. सून बरी आहे म्हणून वाजतगाजत फेडला आणि इंजेक्शन बंद केलं. "देवीनं बरी केली. आता सुई टोचायची म्हंजे देवीवर भरोसा नाय का?" प्राची नवी सून, ती काय बोलणार? थोड्याच दिवसांत पुन्हा रक्त. मला प्राचीकडे बघवेना, तिच्या जागी हरेश दिसायचा.

शैलाताई स्वतः मोऱ्याला आल्या. मला वाटलं, आता झापतील. त्यांनी आधी देवीला हात जोडले, चहा घेतला, मग हळूच विचारलं, "ताई, नारळी पुनवेला दर्याला नारळ देता ना? मग त्या वर्षी होडीची डागडुजी करत नाही?"

"असं कसं? होडी बुडंल ना."

"मग दर्यावर भरोसा नाही का?"

विहीणबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "कंदी आणू सुनेला?"

प्राची पुन्हा सावरली. आता तिला सातवा महिना आहे. मी पणजी होणार हे गावभर सांगत फिरते, लोक कंटाळले. पण हरेश आजोबा झाला असता हे मनात आलं की तशीच घराकडे वळते. आणि दुसरंही मनात येतं. ओटीभरणाला शैलाताई आल्या तेव्हा त्यांना बाजूला घेऊन विचारलंच, "बाई, बाळाचा राखणदार पण तसाच असंल का?"

त्या म्हणाल्या, "असू शकेल. असला तरी बहुतेकांना हा आजार होत नाही. पण होणारच नाही, असं वचन मी देणार नाही, मावशी."

म्हणून शैलाताई, तुमच्यासाठी मी दीर्घायुष्य मागते ते माझ्या स्वार्थाने. हरेशच्या वेळी तुम्ही शोधत होता. प्राचीच्या वेळी तुम्हाला सापडलं होतं. बाळाला कधी गरज पडली तर तोवर मी नसेन. तुम्ही असायला हव्यात, आणि धडधाकट असायला हव्यात. आणि गरज पडलीच नाही, तर त्याच्या लग्नाला माझ्या जागी तुम्ही बसा.