सुनंदाच्या नोट्स

बारामतीत मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, निरवांगीचं नवीन काय?" मी आठवड्यातून दोनदा एसटीनं निरवांगीला जायचे आणि परत येताना माझ्याकडे एक तरी किस्सा असायचाच. जुना सांगून होईपर्यंत नवा घडलेला असायचा! ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, पण त्यातले बरेचसे किस्से अजून मला जसेच्या तसे आठवतात.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. शाळा, कॉलेज सगळं बंगळूरला काकांकडे झालेलं. शिक्षण कसं असावं याबद्दल माझी मतं फार पक्की होती. ती कुणी वापरून मात्र पाहिलेली नव्हती.

निरवांगीहून आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं, "ताई, तुमी येवढ्या शिकून आलाय. माझी पोरगी घरीच शिकती. धावीला बसायचं म्हनती. जरा बघता का?"

त्यांची मुलगी सुनंदा. लहानपणी मांडीचं हाड मोडलं, दोन वर्षं अंथरुणात गेली आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता सोळाव्या वर्षी ती सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून दहावीला बसणार होती.

मला वाटलं होतं, पुस्तकाला घाबरणारी एखादी बुजरी मुलगी असेल. मी तिला वाचनाची गोडी लावीन! पिशवीत रंगीत खडू आणि चित्रांचे तक्ते घेऊन गेले. सुनंदानं माझ्यापुढे दोनशे पानी अकरा वह्या आणून ठेवल्या.

"नोट्स काढल्यात, ताई."

इतिहासाचं अख्खं पुस्तक तिनं उतरवलं होतं. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. मुद्रकाचा पत्तासुद्धा होता. एका धड्यात 'पृष्ठ ४२ वरील नकाशा पाहा' असं होतं, म्हणून तिनं वहीच्या बेचाळिसाव्या पानावरच तो नकाशा काढला होता!

"अगं, पण यातलं महत्त्वाचं कुठलं?"

"समदंच. न्हायतर छापलं कशाला आसतं?"

मी खडू पिशवीतच ठेवले.

*

मग मी पेन्सिल आणली. "वाचताना महत्त्वाच्या वाक्याखाली रेघ मार. बाकीचं सोडून दे."

चार दिवसांनी गेले तर भूगोलाचं पुस्तक रेघांनी भरलेलं. एका पानावर एकच वाक्य मोकळं होतं. "हे का सोडलंस?"

"त्ये मला पाठ हाय."

तेवढ्यात तिचे वडील, तात्या, मळ्यातून आले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं. "मॅडम, ही पुस्तकं बावड्याच्या भाचीची. पुढल्या वर्सी माझ्या पुतन्याला जायाची. रेघा बघून त्यो काय म्हनंल?"

"उलट त्याचा फायदाच आहे तात्या! महत्त्वाचं काय ते त्याला आयतं कळेल."

तात्यांनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसरं उलटलं. "म्हंजी समदंच!"

त्या संध्याकाळी आम्ही तिघं खोडरबर घेऊन बसलो. खोडता खोडता तात्यांनी मला एकदाच स्पष्ट सांगून टाकलं, "मॅडम, येकच वर्स देनार. पास झाली तर बावड्याच्या कालेजात अकरावीला घालीन, ह्यो माझा शबुद. न्हाय झाली तर मळा हायेच."

सुनंदानं मान वर केली नाही. पण तिचं रबर एकाच जागी इतकं फिरलं की कागद फाटला.

*

आता रेघा बंद. नवीन नियम काढला. आधी वाचायचं, मग पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत लिहायचं.

पुढच्या खेपेला बघते तर उत्तर स्वल्पविरामासकट पुस्तकातलंच! मला संशय आला. "पुस्तक खरंच मिटलं होतंस?"

दारातून तिचे आजोबा, आबा, ओरडले, "आवं बाई, त्ये माझ्या घोंगडीखाली व्हतं! आन घोंगडीवर मी बसलो व्हतो!"

आबांनी सगळा जन्म मेंढरं राखलेली. त्यांच्या साक्षीवर अविश्वास दाखवण्याची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "बरं, मग लिहू नकोस. आबांना सांग."

सुनंदा सरळ बसली. "औद्योगिक क्रांतीमुळे उत्पादनपद्धतीत आमूलाग्र बदल घडून आला."

"आरं द्येवा!" आबा घाबरलेच. "कुनाचं काय बदललं?"

सुनंदा त्यांच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "आबा, आदी मानसं घरीच मागावर कापड इनायची. मग यंत्रं आली. मग कापड कारखान्यात आन मानसं बी कारखान्यात."

"मग आसं म्हन की! बारामतीला एमआयडीसीत जात्यात तसं."

मी उडीच मारली. "हेच! हेच लिही!"

सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. "ह्ये? ह्ये लिवलं तर मार्क कापत्याल, ताई!"

*

जे मला दोन महिन्यांत जमलं नाही, ते तिच्या आईनं एका दुपारी केलं.

अंगणात टोमॅटोचा ढीग पडला होता. मायलेकी माल निवडत बसल्या होत्या. मोठा, टणक टोमॅटो एका खोक्यात. बारका दुसऱ्या खोक्यात. चिरलेला, डागी असला तर म्हशीच्या पाटीत. सुनंदा माझ्याशी बोलत होती आणि हात आपोआप चालले होते.

"हा तिकडे का टाकलास?"

"डागी हाय."

"न बघताच?"

"हाताला कळतंय की!"

मी उठले, आत गेले आणि विज्ञानाचं पुस्तक घेऊन आले. "आता हा धडा निवड. एक नंबरचा माल वहीत. दोन नंबरचा पुस्तकातच राहू दे. डागी म्हशीला!"

तिनं आईकडे पाहिलं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिनं क्षणभरही विचार केला नाही. "निवड की! समदा माल येकाच खोक्यात भरलास तर बाजारात कोन हात लावंल?"

पुढच्या खेपेला नऊ पानांचा धडा एका पानावर आला होता. मी दोनदा वाचला. एकही महत्त्वाची गोष्ट राहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग पान उलटलं.

मागं मथळा होता, 'म्हशीला'. त्याखाली एकच शब्द, 'प्रस्तावना'!

*

फॉर्म भरायची वेळ जवळ आली तेव्हा मी घरीच एक सराव परीक्षा घेतली. सगळे पेपर मीच काढले, मीच तपासले. एक प्रश्न होता, 'ठिबक सिंचनाचे फायदे लिहा. गुण ५.'

सुनंदाचं उत्तर, 'हे सर्वांना माहीत आहे.'

वहीत पाहिलं, तिथेही तो मुद्दा नव्हता. "अगं, हा का नाही काढलास?"

"आमच्या मळ्यात ठिबक हाय, ताई. त्यात लिवायचं काय?"

मी शून्य दिलं. तत्त्व म्हणजे तत्त्व! बेरीज केली तर त्या विषयात ती तीन मार्कांनी नापास.

तात्यांनी पेपर पाहिला. "माझ्याच रानात ठिबक, आन माझ्याच पोरीला शून्य?" त्यांनी पेपर माझ्या हातात परत दिला. "ऱ्हाऊ द्या मॅडम. घरच्या पेपरात नापास, तर बावड्याच्या सेंटरात काय दिवं लावनार? फॉर्म भरायचा न्हाय."

तत्त्व माझं होतं आणि वर्ष तिचं जाणार होतं. मी सुनंदाला एवढंच म्हटलं, "जो पेपर तपासणार आहे, त्यानं तुमचा मळा पाहिलेला नाही."

ती वही घेऊन उठली. लंगडत मळ्यात गेली आणि ठिबकच्या नळीशेजारी बांधावर बसली. तासाभरानं आली तेव्हा दीड पान लिहून झालं होतं. ते तिनं मला नाही, तात्यांना दिलं.

तात्यांनी उकिडवं बसून, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. "फिल्टर आठवड्याला धुवायचा, ह्ये ऱ्हायलं."

सुनंदानं ते खाली लिहिलं.

"आता किती, मॅडम?"

"पाचपैकी पाच. तसं फिल्टर नसता तरी पाचच दिले असते."

"आसं कसं?" तात्या एकदम चिडले. "फिल्टर तुंबला तर समदं ठिबक बंद! त्या बगर चारच द्यायचं!"

मी मान्य केलं. फॉर्म भरायचं ठरलं.

*

आता शेवटचा किस्सा.

बावड्याच्या शाळेतून फॉर्म आणला. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख, म्हणून मी त्यांच्याकडेच मुक्कामाला राहिले. नाव, जन्मतारीख, विषय, सगळं सुनंदानं भरलं. एक रकाना राहिला, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्याच्यापुढे एक टिंबाटिंबांची ओळ. शाळेतल्या क्लार्कनी फॉर्म देतानाच सांगितलं होतं, "घरगुती अडचण असं लिहा. सगळे तेच लिहितात."

"पायाचं लिही," तात्या म्हणाले.

"पाय तर दोन वर्सात चालता झाला व्हता," आई म्हणाली.

"शाळा लांब व्हती," आबा म्हणाले.

"गावातली बाकीची पोरं जातच व्हती की," पुन्हा आईच म्हणाली.

सुनंदानं ती ओळ मोकळी सोडून फॉर्म पिशवीत घातला. आम्ही जेवलो.

सकाळी तात्या धुतलेला सदरा घालून तयार. सही करायला खिशात पेन. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. आणि सुनंदा उंबऱ्यावर मांडीवर फॉर्म घेऊन बसलेली!

"अगं, एकच तर ओळ आहे," मी घाईनं म्हटलं. "तेवढ्यात मावेल असं काहीतरी लिही आणि चल."

"न्हाय मावत, ताई. फॉर्मला पुरवणी जोडली तर चालती का?"

मला माहीत नव्हतं. मी माझ्या वहीतली दोन पानं फाडून तिला दिली. तिनं वर ठळक अक्षरात मथळा घातला, 'शाळा सोडण्याचे कारण', आणि लिहायला लागली. पहिलंच वाक्य होतं, 'पाय चालता झाल्यावर मला पुन्हा कुणी शाळेत घातले नाही.'

"आगं ये, गाडी निघाली!" तात्या रस्त्याकडे धावत ओरडले.

"जाऊ द्या, तात्या. दुसरी हाय," ती मान खाली घालून, लिहीतच म्हणाली. "तुमी हितं बसा. तुमची सही पुरवणीवर बी लागंल."